तिसरं बदक

टाचणीआत्याला शिवलेली वस्तू नुसती बघता यायचीच नाही. कुणी नवा शर्ट घालून समोर आलं की बाकीचे म्हणायचे, वा, रंग खुलून दिसतोय. आत्याची नजर आधी काखेत शिरायची. तिथे चुणी दिसली की संपलंच. एकदा एका लग्नात नवऱ्यामुलाचं अभिनंदन करता करता तिने त्याला सांगून टाकलं, की कोटाची डावी बाही अर्धं बोट लांब झालीय. तो बिचारा सगळ्या फोटोंत डावा हात पाठीमागे धरून उभा आहे.

टाचणी हे नाव तिच्या थोरल्या भावाने ठेवलं. काम करताना ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून. दादा म्हणायचा, "टाचण्या तोंडात आहेत तोवर काय ते बोलून घ्या. तिने त्या काढल्या की आपली धडगत नाही." घरातल्यांनी नाव उचललं, मग गल्लीने उचललं, आणि तिनेही कधी तक्रार केली नाही. मनातून आवडतच असणार.

तिचं अख्खं आयुष्य गेलं ऑल्टरेशनच्या दुकानात. अरुंद बोळासारखी जागा, मशिनांची एक रांग, कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची खोली, आणि दिवसभर इस्त्रीच्या वाफेचा वास. मालकाला सगळे मास्तर म्हणायचे. आत्याचं मशीन दाराजवळ, उजेडात. कमर सैल करायची, घेर आत घ्यायचा, चेन बदलायची, दुसऱ्याने घातलेली टीप उसवून पुन्हा घालायची. नवीन असं तिने तिथे काही शिवलं नाही, लोकांचं चुकलेलं निस्तरलं. अशा कामात माणसाची नजर बिघडते हो. समोर येणारी प्रत्येक गोष्ट चुकलेलीच असते, नाहीतर ती दुकानात आलीच नसती. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मग मास्तर थकले, दुकान बंद झालं, जागेत मोबाईलच्या काचा बदलणारा आला, आणि आत्या घरी बसली. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक मोठी खिडकी, खिडकीशी जुनं मशीन. पहिल्यांदा तिने स्वतःचे पडदे सरळ केले. मग शेजारणीचे केले. मग शेजारीण आत्याला बघून दार हळूच लोटून घ्यायला लागली. हातांना काम नाही म्हणजे काय असतं ते तिला तेव्हा कळलं. एका सकाळी तिने पलंगाखालची ट्रंक ओढली.

ट्रंकेत तिचं तरुणपण होतं. दुकानाच्या आधीचं आणि दुकानाच्या सुरुवातीचं. तेव्हा तिला हौस होती. लोकर, मणी, भरतकाम, जे दिसेल ते करायची आणि ज्याला त्याला भेट द्यायची. लोकरीची एक बाहुली निघाली, तिला मान नव्हती. उशीचा एक अभ्रा निघाला, त्यावरची फुलं एका बाजूला घरंगळलेली. चहाच्या किटलीवर घालायचं कोंबडीच्या आकाराचं एक टोपडं निघालं, त्या कोंबडीचा एक डोळा कपाळावर होता. खोलीत एकटीच होती, तरी आत्याचे कान तापले. हे मी केलंय? आणि कौतुकाने दाखवलंय चारचौघांत?

तिने बाहुली उसवायला घेतली. आठवडाभरात तिला मान आली, कंबर आली. अभ्र्यावरची फुलं जागेवर आली. कोंबडीचे डोळे समोरासमोर आले. आणि खरं सांगायचं तर आत्या सुखात होती. सकाळचा चहा पिऊन खिडकीशी बसायचं, जुना टाका कापायचा, ओढायचा, आणि त्या जागी नवा, नेटका टाका घालायचा. जन्मभर दुसऱ्यांचं निस्तरलं, आता जरा स्वतःचं. यात वाईट काय आहे, सांगा.

वाईट पुढे झालं. कोंबडी पुरी करून ती टेबलावर ठेवली आणि तिच्या मनात आलं, अशाच कोंबड्या मी किती जणांना दिल्यात. त्या अजून त्यांच्या घरात बसल्यात, कपाळावर डोळा घेऊन. येणारे-जाणारे विचारत असतील, हे कुणी केलं? आणि घरचे सांगत असतील, टाचणीने. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती वसुलीला निघाली. दिलेल्या भेटी परत मागायला. असं कुणी करतं का? पण आत्याला कोण सांगणार. खालच्या मजल्यावर एक रिटायर झालेल्या नर्सबाई राहायच्या, त्यांच्यापासून सुरुवात झाली.

"ती कोंबडी ना? आहे की," नर्सबाई म्हणाल्या आणि आतून घेऊन आल्या. "थंडीत डोक्याला घालते मी. कानांना फार छान ऊब येते. चोच तेवढी मागे करून घ्यायची."

"अहो, ते किटलीचं आहे."

"किटलीला कुठे थंडी वाजते?"

आत्याने कोंबडी नेली, सुधारली, आणून दिली. नर्सबाईंनी घालून बघितली, ती आता डोक्यात जाईना. आत्याने ती नेटकी करताना घेर आत घेतला होता. पुढच्या थंडीत त्यांनी बाजारातून टोपी आणली.

मास्तरांकडे घराचं आणि बदकांचं चित्र होतं. हे चित्र आत्याने सगळ्यात जास्त वेळा भरलेलं. तिच्याकडे त्याचा एक ट्रेसिंगचा कागद होता, तोच कापडावर छापायचा आणि भरायचं: लाल कौलांचं घर, दारातून खाली येणारी वाट, वाटेशेवटी पाणी आणि पाण्यावर तीन बदकं, एकामागे एक. नात्यातल्या अर्ध्या भिंतींवर ती बदकं पोहत होती. मास्तरांनी चित्र काढून दिलं आणि म्हणाले, "ने. पण सगळंच नीट करत बसू नकोस गं. काहीतरी राहू दे."

"काय राहू दे?" आत्याने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं. मास्तरांनी हात झटकला.

असं करत करत ती दादाच्या घरी पोहोचली.

दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो बस चालवायचा. दांडगा माणूस, मोठ्याने हसणारा, स्टिअरिंगवर हात टाकला की बस तशीच वळणार असं वाटावं. मग एक दिवस झटका आला आणि उजवं अंग गेलं. घराच्या आतल्या खोलीत, खिडकीशेजारच्या पलंगावर तो पुढचे कित्येक महिने होता, आणि तिथेच गेला. त्यानंतर आत्या त्या घरी यायची ती बाहेरच्या खोलीत बसायची, चहा घ्यायची आणि जायची. आतल्या खोलीत तिने पाऊल टाकलं नव्हतं.

त्या दिवशी वहिनी घरी नव्हती. बहिणीकडे राहायला गेली होती. भाची एकटीच होती, लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करत बसलेली.

"बाबांच्या पलंगावरचं चित्र? आहे ना," भाची म्हणाली. "पण ते आईचं फार लाडकं आहे हं."

"मग तर नीट करायलाच हवं. वहिनी येईपर्यंत आणून टांगते. तिलाही बरं वाटेल."

दोघी आत गेल्या. भाचीने खुर्चीवर चढून फ्रेम काढली आणि ओढणीने काच पुसली. घर चांगलं होतं. वाट चांगली होती. पहिली दोन बदकं तर बघत राहावी अशी. आणि तिसरं बदक, काय सांगायचं. पोट एकीकडे, मान भलतीकडे, चोच घसरून छातीवर आलेली. टाके कुठे लांब, कुठे आखूड, एकमेकांच्या अंगावर चढलेले, आणि सगळेच्या सगळे उलट्या बाजूला कललेले.

"हे बदक आहे की बटाटा," आत्या म्हणाली.

भाची हसली. "मी त्याला बटाटाच म्हणते. मला सगळ्यांत तोच आवडतो."

आत्याने ते ऐकलं नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. भावाच्या उशाशी, आजारपणात, हे टांगलेलं होतं. त्याने शेवटी शेवटी बघितलं असेल ते हे. ती फ्रेम पिशवीत घालून चहा न घेताच निघाली.

घरी येऊन तिने कापड फ्रेममधून सोडवलं आणि उलटं केलं. मागच्या बाजूला गाठीच गाठी. जागोजाग दोऱ्याच्या गाठी मारलेल्या, टोकं लोंबत राहिलेली. आत्याच्या कामात गाठ नसते. अगदी मुलगी होती तेव्हापासून नाही. दोरा आधीच्या टाक्यांखालून सरकवून द्यायचा, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. घराच्या मागे गाठ नव्हती, वाटेच्या मागे नव्हती, दोन बदकांच्या मागे नव्हती. इथे तिने थांबायला हवं होतं. जरा डोकं चालवायला हवं होतं. पण चूक दिसली की आत्याचे हात डोक्याला विचारत नाहीत. तेव्हा घाईत असणार मी, असं म्हणून तिने बारीक कात्री उचलली.

बटाटा उसवायला वेळ लागला. टाके घट्ट ओढलेले होते, कापड गोळा झालेलं, एकेका भोकातून दोरा दोनदोनदा गेलेला. दोऱ्याचे तुकडे तिने सवयीने बाजूला जमवले. दुकानातली रीत होती, उसवलेले दोरे टाकायचे नाहीत, टाचण्यांच्या गादीत भरायचे. तिची लाल गादी चपटी झालीच होती. तिने शिवण सोडली, ते पिवळे-पांढरे तुकडे आत कोंबले आणि परत टाचली. गादी मस्त फुगली.

कापड उन्हाने विटलेलं होतं, बटाट्याखालची जागा मात्र नवीकोरी राहिली होती. त्यामुळे बदक गेलं तरी त्याचा डाग राहिला. आत्याने तो पाण्याच्या निळ्या लाटा घालून झाकला, आणि वर तिसरं बदक भरलं. असं भरलं की पहिली दोन त्याच्यापुढे फिकी पडावीत. मागून बघा नाहीतर पुढून बघा, सारखंच. तिने लांब धरून बघितलं आणि तिला बऱ्याच दिवसांनी पोटभर भूक लागली.

वहिनी परत आली त्या दिवशी आत्या सकाळीच तिच्याकडे हजर झाली. चित्र नव्या काचेत बसवून, कागदात गुंडाळून. वहिनीची बॅग अजून दारातच होती. आत्याने कागद सोडला आणि चित्र टेबलावर उभं केलं.

"बघा वहिनी. मोठी लाज होती भिंतीवर, काढून टाकली एकदाची."

वहिनीने चष्मा लावला. जवळ आली. आधी तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग तिने काचेवरून तिसऱ्या बदकावर बोट फिरवलं आणि ते तिथेच राहिलं.

"हे कुठे गेलं?" ती म्हणाली.

"काय?"

"इथलं बदक."

"ते काय. तेच आहे, नीट केलंय. कसला बटाटा झाला होता. मी कसं केलं असेल तसं, मलाच कळेना."

वहिनी खुर्चीवर बसली. ती चित्राकडेच बघत होती, आत्याकडे नाही. भाची स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"ते तू नव्हतं केलंस," वहिनी म्हणाली. "तू दोन केलीस आणि सुई टोचून ठेवून गेलीस. येते म्हणालीस, पुढच्या वेळी तिसरं करते. दुकानात तुझा सीझन होता."

आत्याच्या हातातला कागद खाली पडला. तिने तो उचलला नाही.

"डॉक्टरने त्याला चेंडू दिला होता, उजव्या हाताने दाबायला. तो त्याने भिंतीवर फेकला. म्हणाला, मी काय लहान आहे. मग एक दिवस ते कापड मागितलं. मी दोरा ओवून द्यायचे, तो डाव्या हाताने टाका घालायचा. एक टाका घालायला किती वेळ लागायचा. घाम यायचा त्याला. गाठी मीच मारायचे, मला दुसरं काय येतंय. पुरं झालं त्या दिवशी हसला होता. बस वळवली म्हणाला."

"आई, मला का नाही सांगितलंस कधी?" भाचीने विचारलं. ती तेव्हा शिकायला दुसऱ्या गावी होती.

"त्याने शपथ घातली होती. कुणाला सांगू नकोस, आणि टाचणीला तर मुळीच नको." वहिनीने पहिल्यांदा आत्याकडे बघितलं. आवाज चढला नव्हता तिचा. "म्हणाला, तिला कळलं तर ती उसवून टाकेल."

वहिनीने चित्र उचललं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि बॅग घेऊन आत गेली. भाची म्हणाली, "आत्या, तू जा आता." तिने ते हळू आवाजात सांगितलं, त्यामुळे ते जास्तच लागलं.

जिना उतरता उतरता आत्याला सगळं आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरली कधी होती? तिने ते दडपून ठेवलं होतं, इतकंच. तिचा सीझन. लग्नाचे कपडे, शाळेचे गणवेश, सगळ्यांना कालच्या काल हवं असलेलं. भरतकामाची हौस कधीच मागे पडली होती, तरी सुरुवातीला ती जुना ट्रेसिंगचा कागद काढून दादाच्या पलंगाशी बसून त्याच्यासाठी ते चित्र भरायची आणि तो तिची फिरकी घ्यायचा. मग एका आठवड्याआड यायला लागली, मग महिन्याने. त्याची जीभ जड झाली होती, अर्धं कळायचं नाही, आणि तिला ते बघवायचं नाही. जे नीट करता येत नाही त्याच्यापाशी बसायची तिला सवय नव्हती. शेवटच्या वेळी गेली तेव्हा खांद्यावरची पिशवीसुद्धा तिने उतरवली नव्हती. दारातच उभी राहून म्हणाली, येते रे दादा, बदक पुढच्या वेळी. तो डावा हात हलवत काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते तिने परत विचारलं नाही.

आणि पुढची वेळ म्हणजे तो गेल्यावर माणसं जमली होती ती.

आपण किती नीच आहोत, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी येऊन ती मशीनपाशी बसली आणि समोर लाल गादी होती, टाचण्यांनी भरलेली. गेले काही दिवस ती त्यात टाचण्या टोचत होती, उपसत होती. तिने सगळ्या टाचण्या काढल्या, शिवण उघडली, आणि आतला गोळा टेबलावर ओतला. दुकानातले काळे, निळे, खाकी तुकडे, कितीतरी पँटांचे आणि परकरांचे, आणि त्यात मिसळलेले पिवळे-पांढरे. ती एकेक वेचत बसली. सापडले सगळे, पण नखाएवढे. कात्री चांगली होती तिची. सुईत ओवायला एकही पुरला नसता.

दोन दिवस ती कुणाला दिसली नाही. नर्सबाईंनी दार वाजवलं तर आतून म्हणाली, बरी आहे, उघडलं नाही. नर्सबाईंनाही आता तिला तोंड दाखववत नव्हतं. त्या टोपडं घालून किती खुशीत होत्या. आणि मास्तर म्हणाले होते, काहीतरी राहू दे. सगळ्या गावाला कळत होतं, हिलाच तेवढं कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने भाचीला फोन केला आणि चित्र मागवून घेतलं. भाचीने आणून दिलं, पण वर आली नाही. जिन्याच्या पायथ्याशीच हातात दिलं. "आईला विचारून आणलंय," एवढंच म्हणाली.

आत्याने स्वतःचं बदक उसवलं. लाटा उसवल्या. खाली तो डाग होताच, कापडाच्या मूळ रंगाचा, बटाट्याच्या आकाराचा, आणि त्यात सुईची जुनी भोकं. कापड जाड होतं, ती बुजली नव्हती; तिच्या बारीक सुईची मात्र लगेच मिटली होती. खिडकीच्या काचेला लावून धरलं की उजेड आत यायचा आणि दादाचा एकेक टाका कुठून कुठे गेला ते दिसायचं. आत्याने पिवळा दोरा ओवला. भोकं आहेत, त्याच भोकांतून जायचं, त्यात काय.

पण हात ऐकेना. टाका त्या भोकातून निघाला तरी नेटका बसायचा. दोरा किती ओढायचा ते बोटांना माहीत होतं आणि ती बोटं चूक करायला तयार नव्हती. तिने तो उसवला. मग सुई डाव्या हातात घेतली. आता टाके वाकडे आले, उलटे कलले, अगदी तसे. चार टाके झाले, पाच झाले, आणि एकाएकी तिला स्वतःची किळस आली. तो घामाघूम होऊन घालत होता तेव्हा आपण आलो नाही, आणि आता त्याच्या लुळेपणाची नक्कल करतोय. तीही बेमालूम. वहिनीला कदाचित कळलंही नसतं, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. तिने ते टाकेही काढले. उघडं कापड गुंडाळलं, वेचलेले दोरे एका छोट्या डबीत घातले, आणि निघाली.

दार वहिनीने उघडलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आत्या दारातच उभी राहिली, खांद्यावर पिशवी, हातात कापड.

"वहिनी, मला नाही करता आलं," ती म्हणाली. "मी केलं तर ते माझं होतं. उघडंच आणलंय. हे त्याचे दोरे, होते तेवढे." आणि मग जे इतकी वर्षं बोलली नव्हती तेही बोलून गेली, तुटक, खाली बघत. "तेव्हा मी यायला हवं होतं. सीझनचं निमित्त होतं. मला त्याला तसं बघायची भीती वाटायची."

वहिनीने डबी हातात घेतली, उघडली, बोटाने दोरे जरा हलवले आणि पुन्हा बंद केली. ठीक आहे म्हणाली नाही. म्हणेल असं आत्यालाही वाटलं नव्हतं. मग तिने कापड घेतलं आणि आतल्या खोलीत गेली. पलंगाशेजारच्या खिडकीशी तिने ते उजेडात धरलं. आत्या उंबऱ्यावर थांबली.

बराच वेळ वहिनी भोकांवरून बोट फिरवत होती. एकाशी येऊन बोट थांबलं.

"इथून सुरू केलं होतं त्याने," ती म्हणाली. "चोचीपासून. मी म्हटलं पोटापासून कर, सोपं जाईल. नाही म्हणाला. मग हे इथे आला. हे तीन टाके एका दिवसाचे. इथे सुई बोटात गेली होती, हे बघ, इथे भोक मोठं आहे." ती प्रत्येक टाका ओळखत होती. ओवून दिलेला दोरा कुठे संपला ते तिला पाठ होतं. मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि कापड मांडीवर पसरलं.

"सुई आणलीस?"

"आहे. पण वहिनी, मी नाही..."

"तू नाही. मी घालते."

"तुम्हाला येतं?"

"मला कुठे येतंय," वहिनी म्हणाली. "मला फक्त दोरा ओवता यायचा, आता तोही दिसत नाही. तो तू ओव." तिने मान वर केली. "आणि आधी ती पिशवी खाली ठेव."

आत्याने पिशवी खांद्यावरून उतरवली आणि जमिनीवर ठेवली. पलंगाच्या दुसऱ्या टोकाला, जरा अंग चोरून, ती बसली. डोळे भरून आले होते, त्यामुळे सुईचं नेढं तिला दोनदा चुकलं, आयुष्यात पहिल्यांदा. मग दोरा गेला. वहिनीने सुई घेतली, भलत्याच बाजूने कापडात घुसवली, खालून हात घालून बाहेर ओढली. दोरा गुंतला. तिने तो तसाच खेचला आणि मागे एक गाठ मारली, चांगली जाडजूड. पहिला टाका लांब आला आणि कललेला आला, चोचीच्या जागी.

आत्याचा हात आपोआप पुढे गेला. वहिनीने नुसतं बघितलं. आत्याने हात मागे घेतला, मांडीखाली दाबून धरला आणि दुसऱ्या टाक्यासाठी दोरा किती लागेल ते डोळ्यांनी मोजत बसली.